जर्मनीला जायचं ठरलंय आणि मुलांची शाळा मधेच लटकलीय? घरी अभ्यास कसा चालवायचा ते सविस्तर

जर्मनीतला जॉब फायनल झाला की घरात आधी पेढे येतात, मग फ्लॅट भाड्याने द्यायचा की बंद ठेवायचा यावर चर्चा होते, गाडी कोणाला विकायची ते ठरतं, आणि मुलांच्या शाळेचा विषय निघतो तो पार शेवटी, तोपर्यंत कॅलेंडरने आपली पुरती गोची केलेली असते. स्टेट बोर्डाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, सीबीएसईवाल्यांचं वर्ष एप्रिललाच सुरू झालेलं असतं, आणि श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये उन्हाळ्याची सुट्टीच लागते जुलैच्या शेवटी आणि शाळा उघडते सप्टेंबरच्या मध्याला. व्हिसा यातलं काहीच बघत नाही, तो यायचा तेव्हा येतो. मग होतं काय की मुलं ना इकडच्या वर्गात ना तिकडच्या, आणि हे मधले तीन-चार महिने घरी काय करायचं हे कोणीच नीट सांगत नाही. म्हणून हा लेख. उदाहरण पुणे ते श्टुटगार्ट घेतलंय कारण आमचं तेच झालं, मुलं दोन, धाकटा दुसरीतला आणि थोरली सहावीतली. तुम्ही म्युनिक किंवा बर्लिनला जात असाल तरी बरंचसं लागू पडेल, फक्त तिकडे शिक्षण हा राज्यांचा विषय असल्यामुळे सुट्ट्यांच्या तारखा आणि वर्गांची रचना वेगळी असते ते चेक करा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

जर्मनीत होमस्कूलिंगला परवानगी नाही. तिकडे शाळेत जाणं सक्तीचं आहे, साधारण सहाव्या वर्षापासून, आणि "आम्ही घरीच शिकवतो" हे कारण चालत नाही. इंग्लंडमध्ये चालतं, अमेरिकेत सगळ्या राज्यांत चालतं (नियम वेगवेगळे), जर्मनीत नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण घरशाळेबद्दल वेगळी अशी तरतूद केलेली नाही, आणि तशा शिकणाऱ्या मुलांची बरीच कुटुंबं पुण्या-मुंबईत आहेत.

याचा अर्थ तुमची घरातली शाळा कधी संपणार हे ठरलेलं आहे. तिकडे शाळेत नाव लागलं की संपली. त्यामुळे कायमस्वरूपी होमस्कूलिंग करणाऱ्यांची प्लॅनिंगं, वर्षभराचे करिक्युलम, हजारो रुपयांची किट्स यातलं तुम्हाला काहीही लागणार नाही. मी तर म्हणते एड-टेकवाल्यांचा वर्षाच्या सबस्क्रिप्शनसाठी फोन आला की सरळ "आम्ही देश सोडतोय" सांगून ठेवून द्या.

पायरी १: दाखल्याची घाई करू नका

सगळ्यात मोठा निर्णय हा आहे आणि लोक तो उत्साहात घेऊन मोकळे होतात. ऑफर लेटर आलं की लगेच शाळेत जाऊन शाळा सोडल्याचा दाखला काढतात, सगळ्यांना टाटा बायबाय, वर्गात केक, आणि मग व्हिसाची अपॉइंटमेंटच मिळत नाही, किंवा मिळते पण एक कागद कमी पडतो आणि सगळं पुढे जातं. मूल दाखला घेऊन घरी.

माझं स्पष्ट मत, व्हिसाचा स्टिकर पासपोर्टवर दिसेपर्यंत दाखला काढायचा नाही. तोपर्यंत तीन मार्ग असतात:

- मूल शाळेत जातंय तसं जाऊ दे, निघायच्या आधी महिनाभर काढून घ्या. धाकट्यांसाठी हाच बेस्ट, मित्र सुटत नाहीत.
- नवीन वर्ष सुरू होतंय आणि पूर्ण वर्षाची फी मागतायत, अशा वेळी मुख्याध्यापकांना भेटून तिमाही फीची विनंती करा, आणि ती लेखी करा, ईमेल चालेल. तोंडी "बघू या मॅडम" वर जाऊ नका.
- शाळा ऐकतच नसेल किंवा घरच दुसऱ्या गावाला हलवलंय, म्हणजे पुण्यातलं भाड्याचं घर सोडून साताऱ्याला आजोळी वगैरे, तर मग पूर्ण घरशाळा. पण तेव्हाही पुढच्या सहा महिन्यांत जाणं झालंच नाही तर कुठल्या शाळेत घालणार हे ठरवून ठेवा.

शाळेतून कागद घेताना एकदाच सगळे घ्या: मागच्या दोन वर्षांची प्रगतीपुस्तकं, बोनाफाइड, दाखला, आणि जमलं तर वर्गशिक्षकांकडून इंग्रजीत अर्ध्या पानाचं पत्र, की मुलाचं गणित कुठपर्यंत झालंय, वाचन कसं आहे, कोणत्या भाषा येतात. आपल्याकडच्या प्रगतीपुस्तकावर नुसतं "अ-१, अ-२" असतं, त्यावरून तिकडच्या बाईंना काही कळत नाही, हे अर्ध पान जास्त कामाचं.

पायरी २: काय शिकवायचं नाही ते ठरवा

पालकांचा, विशेषतः आपल्या मराठी मध्यमवर्गीय पालकांचा, पहिला रिफ्लेक्स असतो सिलॅबस पूर्ण करायचा. सहावीची सगळी पुस्तकं आणायची, धडा एक ते शेवटचा. नका करू. तिकडे जाऊन तुमच्या मुलीला सहावीच्या नागरिकशास्त्रातलं कोणी काही विचारणार नाही. तिला पहिले काही महिने बहुतेक फोअरबेराइटुंग्सक्लास नावाच्या तयारीच्या वर्गात बसवतील, तिथे मुख्य काम जर्मन शिकायचं, आणि गणित, खेळ, संगीत अशा तासांना हळूहळू नेहमीच्या वर्गात पाठवतात. बर्लिनला त्याच वर्गाला विलकॉमेन्सक्लास म्हणतात, बव्हेरियात डॉइचक्लास, काम तेच.

म्हणून मी तीनच गोष्टी धरायला सांगते. रोज वाचन, रोज गणित, रोज थोडी जर्मन. बाकी सगळं सामान बांधता बांधता होतं, त्याचं खाली सांगते. गणित तुटलं की परत जोडायला फार त्रास होतो, आणि भाषा येत नसलेल्या वर्गात मुलाला पहिल्या दिवसापासून हात वर करता येईल असा एकच विषय असतो, तो गणित. तिथे मूल भक्कम असलं की त्याचा कॉन्फिडन्स टिकतो, बाकीचं मग येतं.

पुस्तकांना खर्च नाही. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, एनसीईआरटीचीही. पुस्तकांवरचे क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केले की व्हिडिओ येतात, काही बरे, काही कंटाळवाणे. कोविडनंतर २०२१ मध्ये राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास काढला होता, दिवसावार कृतिपत्रिका, मागच्या इयत्तेचं महत्त्वाचं तेवढंच. त्या पीडीएफ कुणाकडे असतील तर मागून घ्या, आपल्या या कामाला त्या इतक्या फिट बसतात की दुसरं काही शोधायची गरज नाही.

पायरी ३: दिवस कसा लावायचा

शाळेत सहा तास जातात म्हणून घरीही सहा तास बसवायचं नसतं. चाळीस मुलांच्या वर्गातला वेळ आणि समोरासमोर बसून शिकवायचा वेळ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरीतल्याला रोज दीड तास खरं म्हणजे भरपूर, सहावीतलीला अडीच ते तीन. सकाळीच उरका. दुपारी दलाल फ्लॅट दाखवायला येणार, सोफा न्यायला टेम्पो येणार, बँकेत जायचं असणार, दुपार तुमच्या हातात नाही असंच धरून चाला.

साधारण असं: नाश्ता झाला की नऊला दोघंही टेबलाशी. आधी गणित, डोकं ताजं असताना. धाकट्याचं अर्ध्या तासात संपतं, तो मग मोठ्याने वाचतो, आजी ऐकते. (आजी-आजोबा असतील तर पाढे आणि मराठी वाचन त्यांच्याकडे देऊन टाका, त्यांनाही माहितीय की नातवंडं आता लांब जाणार आहेत, तो वेळ त्यांना हवाच असतो.) थोरली तोपर्यंत गणित पुढे नेते, मग इंग्रजी किंवा विज्ञानाचं वाचन आणि त्यावर पाच-सहा ओळी लिहिणं. त्यातच मधे दोघांना एकत्र जर्मन वीस-पंचवीस मिनिटं. अकरा-साडेअकराला धाकटा मोकळा, बाराला थोरली. संपलं.

तुमचं वर्क फ्रॉम होम चालू असेल आणि नवरा आधीच तिकडे गेलेला असेल तर हेही दर दिवशी जमणार नाही. चालतं. आठवड्यातले चार दिवस झालं तरी खूप झालं. एक वार मोकळा ठेवा, आम्ही शुक्रवार ठेवायचो, त्या दिवशी वही नाही, फक्त आवराआवरी आणि बाहेरची कामं, मुलांना बरोबर घेऊन.

आणि एक बारीक पण महत्त्वाचं. स्टडी टेबल आणि प्रिंटर ओएलएक्सवर सगळ्यात शेवटी टाका. लोक आधी मुलांचं फर्निचर विकतात कारण ते पटकन जातं, मग पोरं जमिनीवर खोक्यांच्या मधे बसून अभ्यास करतात आणि आठवडाभरात तेही बंद होतं. वायफायचं कनेक्शनही तसंच, शेवटच्या आठवड्यापर्यंत राहू दे.

पायरी ४: गणित, पण तिकडच्या पद्धतीची ओळख करून

नवीन धडे पुढे ढकलले तरी चालेल, पण हे फरक दाखवून ठेवा, नाहीतर हुशार मुलांचीही पहिल्या चाचणीत गडबड होते.

दशांश चिन्हाच्या जागी तिकडे स्वल्पविराम. आपलं ३.५ तिकडे ३,५. आणि हजार वेगळे करायला टिंब, म्हणजे आपले १,५०,००० तिकडे १५०.०००. हे उलटंपालटं असल्यामुळे थोरल्या मुलांचा जास्त गोंधळ होतो, धाकट्यांनी दशांश केलेलेच नसतात. बाबा तिकडे आधी गेलेले असतील तर भारी उपाय आहे, व्हिडिओ कॉलवर सुपरमार्केटमधल्या किमतीच्या पाट्या दाखवायला सांगा, १,१९ युरो म्हणजे किती, दोन घेतले तर किती, त्या दिवशीच्या रेटने रुपये किती. मुलं हे तासभर करतात, न कुरकुरता.

गुणाकाराला फुली नसते, मधोमध टिंब असतं. भागाकाराला दोन टिंबं, ८४ : ४ = २१, आणि भागाकार आडव्या ओळीत मांडतात, उरलेली आकडेमोड खाली. एकचा आकडा लिहिताना डोक्यावर तिरकी रेघ असते, लांबून तो आपल्याला इंग्रजी सातासारखा वाटतो, आणि सातच्या पोटातून एक आडवी रेघ जाते. सात तसाच लिहायची सवय आधीपासून लावली तर बरं.

संख्या बोलताना ते एकक आधी म्हणतात आणि दशक नंतर, आपल्या एकवीस-पंचवीससारखंच. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना हे जड जातं, मराठीत आकडे म्हणणाऱ्यांना नाही, तेव्हा आजोबांना सांगून मराठी अंक एकदा शंभरपर्यंत घोटून घ्या, दोन कामं होतात.

घड्याळ मात्र उलटं आहे. "हाल्ब आख्ट" ऐकलं की मूल आठ पकडतं आणि साडेआठ समजतं, पण तो असतो साडेसात, आठच्या दिशेने अर्धा तास. शाळा आठच्या सुमारास भरते, तेव्हा ही चूक परवडणारी नाही. चोवीस तासांचं घड्याळही शिकवून ठेवा, बस-ट्रेनचं वेळापत्रक त्यातच असतं.

हो आणि मार्क. तिकडे १ म्हणजे सर्वात चांगलं आणि ६ म्हणजे नापास. आजीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर "एकच मार्क?" म्हणून फोनवर रडारड.

पायरी ५: जर्मन किती आणि कशी

पुण्यात जर्मन शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, बऱ्याच शाळांत आठवीपासून जर्मन असतेच. मोठ्यांनी क्लास लावावा, जरूर. मुलांना मात्र ए-वन (जर्मनची पहिली पातळी) परीक्षेच्या मागे पळवू नका. दुसरीतल्याला डेर-डी-डासचे (म्हणजे नामांच्या लिंगांचे) तक्ते पाठ करायला लावून त्याला त्या भाषेचा तिटकारा आणायचा आणि मग त्याच भाषेच्या वर्गात नेऊन बसवायचं, याला काय अर्थ आहे.

मुलांना जगायला लागणारी वाक्यं द्या. मला टॉयलेटला जायचंय. मला कळलं नाही, परत सांगा. मला पोटात दुखतंय. हे माझं आहे. मी पण खेळू का? माझं नाव अमुक, मी भारतातून आलोय. मी मांस खात नाही (खात नसाल तर हे फार लागतं). अशी पंचवीस-तीस वाक्यं रोजच्या घरात वापरून पक्की करा, जेवताना, पाणी मागताना. डॉइचे वेलेचे फुकट ऑनलाइन कोर्स थोरलीला जमतात. आंटोन नावाचं फुकट ॲप आहे, जर्मन शाळांतली मुलं तेच वापरतात, त्यात पहिलीचं गणित जर्मनमध्ये करायला द्या, सहावीतल्या मुलीलाही. गणित सोपं असतं त्यामुळे सगळं लक्ष शब्दांकडे जातं, अधिक, वजा, मोठा, लहान, जोडा, गोल करा. वर्गातल्या सूचना याच असतात.

इंग्रजीची काळजी करू नका, त्यात आपली मुलं बहुधा पुढेच असतात. गिम्नाझियममध्ये (म्हणजे पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेत) सहावीपासून दुसरी परदेशी भाषा, फ्रेंच किंवा लॅटिन, सुरू होते. ते तिकडे गेल्यावर बघू.

पायरी ६: पुस्तकात नसलेली तयारी

हा भाग आपल्याकडे कोणी अभ्यासात धरत नाही, माझ्या मते हाच निम्मा अभ्यास आहे.

पोहणं. तिकडे प्राथमिक शाळेत पोहण्याचे तास असतात आणि लहान मुलं झेपफेर्डशेन नावाचा पहिला बिल्ला मिळवतात, त्यात २५ मीटर पोहावं लागतं. आपल्या मुलाला पाण्याची भीती असेल तर सगळ्या वर्गासमोर ते कळतं. पुण्यात उन्हाळ्यात टँकवर बॅचेस असतात, आता सकाळी शाळा नाहीये, घाला.

सायकल. चौथीत सायकलची परीक्षा असते, रस्त्याचे नियम, हात दाखवून वळणं. नुसती चालवता येणं पुरेसं नाही, पण निदान तेवढं तरी यावं.

एकट्याने शाळेत जाणं. तिकडे पहिली-दुसरीतली मुलंही घोळक्याने चालत शाळेत जातात. आपली मुलं व्हॅनकाकांच्या हवाली असतात. सोसायटीच्या बाहेरच्या दुकानातून दूध आणणं, रस्ता ओलांडणं, पत्ता आणि आईबाबांचे फोन नंबर पाठ असणं, इथून सुरुवात करा. पुण्याच्या रस्त्यावर हे शिकवणं म्हणजे जरा धाडसच आहे, कबूल.

बाकी बुटांची नाडी, जॅकेटची चेन, स्वतःचा डबा स्वतः उघडणं-बंद करणं, कात्रीने रेषेवर कापणं, शाईपेनने लिहिणं. वर्गात घालायला वेगळे घरातले बूट असतात, ते काढायचे-घालायचे. दुसरीतला मुलगा हे सगळं स्वतःचं स्वतः करतो हे तिकडच्या शिक्षकांना लगेच दिसतं आणि त्यावरून ते बरंच काही ठरवतात.

पायरी ७: सामान बांधणं हाच विज्ञान-भूगोलाचा तास

बऱ्याच एअरलाइन्सना एका बॅगेला २३ किलो असतात. धाकट्याला वजनकाटा द्या. पुस्तकं किती किलो, कुकर किती, पुरणयंत्र नेलं तर काय काढावं लागेल. बेरीज, वजाबाकी, अंदाज, सगळं होतं आणि "माझी ही गाडी पण न्यायची" या भांडणाचा निकालही काट्यावर लागतो. थोरलीला खोक्यांची यादी द्या, एक्सेलमध्ये, खोका नंबर, आत काय, जहाजाने की विमानाने की आजोळी. तिने केलेली यादी आपल्यापेक्षा नीट असते.

भूगोल आपोआप निघतो. पुणे साधारण १८.५ अंश उत्तरेला, श्टुटगार्ट ४९ च्या जरा खाली. म्हणून डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. का? पृथ्वीचा गोल आणि टॉर्च घ्या, रात्री लाइट बंद करा, सहावीतल्या मुलीला अक्ष कललेला असणं म्हणजे काय हे एका संध्याकाळी समजतं. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार, कारण ते मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुढे-मागे करतात. आजीला फोन कधी करायचा याचा तक्ता मुलांकडूनच करून घ्या, तोच गृहपाठ.

विज्ञानाला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले मुलांचे कार्यक्रम बघा, पुण्यात आहात तोवर. अरविंद गुप्तांच्या साइटवर टाकाऊतून खेळणी करायचे व्हिडिओ आणि ढीगभर मराठी पुस्तकं फुकट आहेत, घर रिकामं करताना निघालेल्या भंगारातून, बाटल्या, जुनी सीडी, स्ट्रॉ, आठवड्याला एक खेळणं सहज होतं.

पायरी ८: मराठी आणि चौथीचा इतिहास

दुसरीतला मुलगा जातोय म्हणजे त्याचं चौथीचं वर्ष तिकडे जाणार, म्हणजे महाराष्ट्रातली प्रत्येक पिढी ज्या वर्षी शिवाजी महाराज शिकते तेच वर्ष हुकणार. मला हे सगळ्यात जास्त लागलं होतं, खोटं कशाला बोलू. चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक छापील घ्या, पीडीएफवर राहू नका, आणि बॅगेत टाका. जायच्या आधी त्यातला पुण्याचा भाग जागेवर जाऊन वाचा. लाल महाल आहे, सिंहगड आहे, जमलं तर राजगडाच्या पायथ्यापर्यंत तरी. पावसाळा असेल तर गडावर जपून. शनिवारवाडा आणि केळकर म्युझियम एका दिवसात होतं.

मराठी लिहिता-वाचता येणं याच महिन्यांत पक्कं करून घ्या. धाकट्याला जोडाक्षरं आली की पुढे टिकतं, बाराखडीवर सोडलं तर वर्षभरात पुसलं जातं, कारण तिकडे त्याची रोमन लिपीतली जर्मन सुरू होते. रोज पाच ओळींची डायरी, आज घरातून काय गेलं. फ्रिज गेला, बाल्कनीतल्या कुंड्या शेजारच्या काकूंना दिल्या. मुलं काय काय लिहितात ते बघा, मनात काय चाललंय ते विचारून कळत नाही, त्या पाच ओळींत कळतं. थोरली एक शब्द बोलायची नाही, पण डायरीत मैत्रिणीचं नाव रोज यायला लागलं तेव्हा तिला आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या मैत्रिणीकडेच पाठवायला सुरुवात केली. घरी शिकणारं मूल एकटं पडतं हे खरंय, त्यामुळे संध्याकाळचा खाली खेळायचा वेळ कुठल्याही कामासाठी कापू नका. आणि "शाळा नाही का रे तुला?" असं लिफ्टमध्ये विचारणाऱ्या काकांसाठी मुलाला एक तयार उत्तर देऊन ठेवा.

पायरी ९: फाइल

एक जाड फाइल, केबिन बॅगेत, जहाजाच्या सामानात अजिबात नाही. त्यात:

- जन्मदाखला, दाखला, प्रगतीपुस्तकं, शिक्षकांचं पत्र
- लसीकरणाचं कार्ड. १ मार्च २०२० पासून जर्मनीत शाळेत जाणाऱ्या मुलांना गोवरच्या लशीचा पुरावा दाखवावा लागतो, दोन डोस. आपल्या कार्डवर ते एमआर किंवा एमएमआर म्हणून असतं. तारीख आणि शिक्का नीट वाचता येतोय ना बघा, नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत टाइप करून सही-शिक्क्याने घ्या
- घरच्या अभ्यासाचा पुरावा: दर आठवड्याचं अर्ध्या पानाचं टिपण, काय केलं, आणि प्रत्येक विषयाची निवडक पाच-सहा पानं. सगळ्या वह्या नेऊ नका
- चष्मा असेल तर नंबरचा कागद

भाषांतर कोणत्या कागदांचं लागेल, प्रमाणित लागेल का, हे तिकडच्या शाळेला किंवा कंपनीच्या रिलोकेशनवाल्यांना ईमेल करून विचारा आणि मगच पैसे खर्च करा. सगळ्याचे स्कॅन ड्राइव्हवर. डोळे आणि दात दोन्ही इकडेच तपासून घ्या.

शेवटचे पंधरा दिवस आणि तिकडचे पहिले

शेवटच्या दोन आठवड्यांत अभ्यास होत नाही, तो होईल असं धरूनच नका. फक्त वाचन आणि दहा गणितं, तेही झालं तर. प्रत्येक मुलाची एक छोटी सॅक वेगळी काढा: दोन गोष्टीची पुस्तकं, एक गणिताची वही, कंपास, रंग, पत्ते. तिकडे पहिले काही आठवडे तात्पुरत्या अपार्टमेंटमध्ये जातात आणि जहाजाचं सामान यायला बराच वेळ लागतो, तोपर्यंत तीच सॅक म्हणजे शाळा.

पोचल्यावर पत्त्याची नोंदणी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. ती झाली की शाळेचं बघा, सरकारी शाळेला फी नाही. इंटरनॅशनल शाळांची फी वर्षाला हजारो युरोत जाते, कंपनी देत असेल तरच विचार करा, आणि दोन-तीन वर्षांहून जास्त राहायचं असेल तर माझा कल सरकारीकडेच. सुट्टीत पोचलात तर शाळा उघडेपर्यंत सकाळचं तेच टाइमटेबल चालू ठेवा. मुलाला एक इयत्ता खाली बसवायचं म्हणाले तर लगेच वाद घालू नका, धाकट्याच्या बाबतीत तर अजिबात नाही. थोरलीसाठी मात्र विचारा, कारण तिकडे चौथीनंतर (बर्लिनमध्ये सहावीनंतर) शाळांचे प्रकार वेगळे होतात, तेव्हा तयारीचा वर्ग कोणत्या प्रकारच्या शाळेत आहे आणि तिथून पुढे गिम्नाझियमला जाता येतं का, हे पहिल्याच मीटिंगला विचारून घ्यायचं.

दोन-तीन वर्षांत परत यायची शक्यता असेल तर बालभारतीचं गणित आणि मराठी वीकेंडला थोडं थोडं चालू ठेवा. १४ वर्षांपर्यंत वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळणं हा शिक्षण हक्क कायद्यातला हक्क आहे, त्यामुळे आठवीपर्यंत परत येणं तसं सोपं. नववी-दहावीत परत यायची वेळ आली तर एनआयओएसमधून (म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून) दहावी करता येते, त्याला किमान वय १४ आहे, आणि स्टेट बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचाही मार्ग आहे. दोन्हीच्या तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून निदान वर्षभर आधी चौकशी सुरू करा, आणि मूळ दाखला तोपर्यंत कुठल्याही ऑफिसात जमा करून येऊ नका, झेरॉक्स द्या.